खोडलेला उन्हाळा

कागदावर एकच शब्द खोडलेला होता. 'उन्हाळ्यात'. निळ्या पेनानं सहज ओढलेली एक रेघ, तीही जरा वाकडीच. बाकी मजकूर गेल्या काही वर्षांचाच होता आणि तो तिला तोंडपाठ होता. दुपारच्या वेळी घराबाहेर पडू नका, तहान नसली तरी पाणी पीत राहा, खोलीत वारा खेळता ठेवा, चक्कर आल्यास शेजाऱ्यांना हाक मारा, घाबरून जाऊ नका. फक्त पहिलं वाक्य, जे आधी 'उन्हाळ्यात प्रकृतीची काळजी घ्या' असं होतं, ते आता नुसतं 'प्रकृतीची काळजी घ्या' असं उरलं होतं. "हे चुकून खोडलंय का?" तिनं माइकमधून विचारलं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आपल्या बटणांवरची धूळ फुंकत होता. "नाही ताई, पालिकेच्या साहेबांचा निरोप आहे. दर वर्षी फोनवरची टेप सुरू करायची, मग बंद करायची, मग पुन्हा ऊन वाढलं की परत सुरू करायची. आणि लोक फोन करून विचारतात, उन्हाळा संपला तरी ही बाई अजून का बोलतेय? तर साहेब म्हणाले, उन्हाळाच काढून टाका. म्हणजे बारमाही चालेल." आपल्याच बोलण्यावर तो हसला. तीही हसली, समोरचा हसला की हसायचं असतं म्हणून. बारमाही हा शब्द तिनं आजवर नदीला लावलेला ऐकला होता, विहिरीला लावलेला ऐकला होता, आणि आई गच्चीवरच्या एका फुलझाडाला कौतुकानं तसं म्हणायची. मग जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं तिला झालं. एवढंच झालं. बाहेरून बघणाऱ्याला ती कागद नीट करतेय असंच दिसलं असतं.

रेकॉर्डिंग चालू असताना एसी बंद ठेवावा लागतो, कारण त्याची घरघर माइक बरोबर पकडतो. त्यामुळे उन्हापासून सांभाळा असं अख्ख्या शहराला सांगताना ती स्वतः मात्र घामानं निथळत असायची, आणि या गोष्टीवर तिनं आणि रेकॉर्डिस्टनं आजवर इतके विनोद केले होते की आता त्यांत काही राम उरला नव्हता. आवाज हाच तिचा धंदा. शहरातल्या निम्म्या लिफ्ट तिच्या आवाजात दरवाजा बंद होत असल्याचं सांगत, बँका तिच्या आवाजात लोकांना ताटकळत ठेवत. एकदा ती स्वतःच बँकेला फोन लावून बसली होती आणि तिचाच आवाज तिला किती तरी वेळ 'आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे' असं सांगत राहिला. तेव्हा तिनं फोनला मनापासून शिवी हासडली होती. घरी हे सांगितल्यावर नवरा पोट धरधरून हसला होता. पण हे काम वेगळं होतं. ऊन वाढलं की भर दुपारी शहरातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आपोआप फोन जायचे आणि त्यांच्याशी ती बोलायची. आवाज कसा हवा ते साहेबांनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. काळजी कळली पाहिजे, पण काळजी वाटता कामा नये. ते तिला नेमकं साधलं होतं. आज मात्र पहिली पाच वाक्यं सरळ गेली आणि सहाव्यावर गाडी अडली. 'घाबरून जाऊ नका' म्हणताना 'नका'वर आवाज थोडा वर गेला. पुन्हा घेतलं, तर खाली गेला. पुन्हा घेतलं. "ताई, विनंती केल्यासारखं वाटतंय," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "सांगितल्यासारखं हवं." ती पाणी प्यायली, तिनं मान सैल केली, आणि पुन्हा विनंतीच केली.

रेकॉर्डिंगच्या खोलीची काच जाड होती, दुहेरी, आणि तिच्याकडे बघितलं की तिला बाबा आठवायचे. बाबांनी आयुष्यभर काचा बसवल्या. आधी घरांच्या, मग दुकानांच्या, मग ती उंच उंच ऑफिसं आली त्यांच्या. ते म्हणायचे, काच बसवणाऱ्यानं जिवाचं रान करायचं ते कशासाठी, तर आपलं काम दिसू नये म्हणून. थंडीच्या दिवसांत सकाळी ते तिला खिडकीशी उभं करत आणि काचेवर तोंडानं वाफ सोडायला सांगत. वाफ सारखी पसरली तर काच स्वच्छ, तुटक पसरली तर कुठे तरी तेलकट हात लागलाय. ती गाल फुगवून वाफ सोडायची, मग बोटानं त्यावर चेहरा काढायची, आणि बाबा म्हणायचे, झालं, केलीस घाण. तो गारवा तिला अजून दातांत आठवत होता. खिडकीच्या कडीचा थंडगार स्पर्श, आईनं कान झाकून बांधलेला रुमाल, आणि तो सोडवून घेण्यासाठी तिनं काढलेला गळा. त्या गळ्यामुळेच बाबांनी तिचं नाव भोंगा ठेवलं होतं. गेल्या हिवाळ्यात, म्हणजे कॅलेंडरवर ज्याला हिवाळा म्हणतात त्या दिवसांत, ती एका सकाळी उगाचच खिडकीशी गेली आणि काचेवर वाफ सोडली. काहीच उमटलं नाही. तिनं पुन्हा सोडली, जोर लावून. नवरा दात घासत मागे उभा होता, त्यानं तोंडातल्या फेसातून विचारलं, काय चाललंय? ती म्हणाली, काही नाही, काच पुसतेय. त्या दिवशी तिला रडू आलं आणि कशाचं ते सांगता येईना. माणूस गेलं तर चार लोक येऊन बसतात. गारवा गेला म्हणून कुणाला बोलवायचं?

आईचंही तसंच झालं. आई गेली ती या भयंकर गरम वर्षांतल्या पहिल्याच वर्षी. दुपारी जरा पडते म्हणाली आणि उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, हृदय थकलं होतं. ते खोटं नव्हतं. पण सगळ्या शहरात त्या आठवड्यात इतकी हृदयं एकदम कशी थकली, हे कुणी विचारलं नाही, आणि घरात तर उन्हाचं नावसुद्धा निघालं नाही. भेटायला येणारे घाम पुसत दारातून आत येत, काय हा उकाडा म्हणत, आणि मग कसं झालं हो असं विचारत. तीही मोठ्या माणसासारखं सांगत बसली, हृदयाचं. पुढच्याच वर्षी या फोनच्या कामासाठी आवाज हवा असल्याचं तिला कळलं आणि तिनं पैसे न विचारता हो म्हटलं. नवऱ्याला त्यात तिची समाजसेवा दिसली. तिला स्वतःला त्यात काय दिसलं होतं ते तिनं कधी नीट उलगडून पाहिलं नाही.

नवरा माणूस चांगला. कॉलेजात गणित शिकवतो, आणि प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं असा त्याचा भाबडा विश्वास आहे. ती स्वयंपाकघरात नळ बंद असताना पुन्हा पुन्हा घट्ट करते, फोनवर दूरदूरच्या जंगलांच्या आगी बघते, भाजी घेताना भाजीवालीला म्हणते की यंदा हे लवकर आलं का हो, आणि भाजीवाली काही तरी उत्तर देईल म्हणून जीव मुठीत धरून उभी राहते. हे सगळं त्याच्या लक्षात येतं. मग तो समजूत घालायला बसतो. "आपण कापडी पिशव्या वापरतो, गाडी विकली, एसी सत्ताविसावर ठेवतो. याच्यापुढे आपल्या हातात काय आहे?" ती म्हणते, काही नाही. "मग?" तो म्हणतो. हातात काही नाही हीच तर तिची तक्रार असते. एकदा ती चिडून म्हणाली, "मला उपाय नकोय, मला नुसतं कुणी तरी घाबरून दाखवायला हवंय." तो बिचारा खरोखरच घाबरला, पण तिच्याच काळजीनं. तेव्हापासून ती घरात यावर काही बोलत नाही. भीती ही दाढदुखीसारखी आहे, चारचौघांत हसताखेळता येतं, जीभ मात्र राहून राहून तिकडेच जाते.

आणि या सगळ्यात बाबा. जुन्या घरी एकटेच, सगळ्यात वरच्या मजल्यावर, पूर्वेची खोली, समोर रस्त्यापलीकडे काचेची टोलेजंग इमारत. तिच्या काचा बाबांच्याच हाताखालच्या माणसांनी बसवलेल्या, निवृत्तीआधीचं शेवटचं मोठं काम. दुपार झाली की ती इमारत ऊन झेलते आणि सगळंच्या सगळं बाबांच्या खोलीत ओतते. "सकाळचं ऊन वरून येतं, दुपारचं मी पाठवलेलं," असं ते आल्यागेल्याला सांगतात, अभिमानानं. पडदा लावू देत नाहीत, म्हणे काम बघायला मिळत नाही. ऊन तापायला लागल्यापासून ती त्यांच्या मागे लागली होती, आमच्याकडे या, उन्हाळा संपेपर्यंत तरी या. ते नाही म्हणाले. ती पुन्हा म्हणाली. शेवटी ते म्हणाले, "मी काय माणूस आहे की कपाट? उचललं, इकडून तिकडे नेलं!" आणि तीही नको ते बोलली, की कपाटाला निदान ऊन लागत नाही. त्यानंतर बाबांनी अबोला धरला. म्हणजे फोन उचलायचे, पण बोलायचे नाहीत. त्यांचा तो जुना, तारेचा फोन, मोबाइल कपड्यांच्या खाली कुठे तरी पडलेला. ती रोज दुपारी फोन करायची. रुसलेल्या माणसाला हॅलो काय म्हणायचं म्हणून सरळ सुरुवातच करायची, पाणी प्यायलात का, दुपारी बाहेर पडू नका, खिडकी उघडी ठेवा. आवाज मुद्दाम कामावरचा काढायची, कारण तसा नाही काढला तर त्यात राग यायचा नाही तर रडू, आणि दोन्ही तिला परवडणारं नव्हतं. पलीकडून अवाक्षर यायचं नाही. मग ती ठेवते म्हणायची आणि ठेवायची. निदान फोन उचलला, म्हणजे उभे आहेत, एवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

"ताई, पाच मिनिटं थांबू या," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "मी चहा घेऊन येतो. एसी लावू का?" ती नको म्हणाली. तो गेल्यावर ती तशीच माइकपुढे बसून राहिली, समोर कागद, कागदावर ती रेघ. बारमाही. मग तिनं बाबांना फोन लावला, कारण दुपार झालीच होती. फोन उचलला गेला. "पाणी प्यायलात का?" तिनं सुरू केलं. "आज बाहेर पडू नका. खोलीत वारा खेळता ठेवा." पलीकडे खट्ट आवाज झाला, लाकडावर काही तरी ठेवल्याचा. हा आवाज रोजच व्हायचा, पण आज इथे भिंतींना सगळीकडून जाड कापड लावलेलं होतं, चिटपाखरू नव्हतं, आणि तिला त्यापुढचंही ऐकू आलं.

"कुणाचा फोन हो?" एका बाईचा आवाज. तळमजल्यावरच्या शेजारीणबाई.

"काही नाही. लेकीची टेप," बाबांचा आवाज, जरा लांबून. "सुरू झाली दुपारची."

"मग ठेवून द्या ना फोन."

"राहू दे. बोलतेय बिचारी. घरात तेवढाच आवाज. लाइट गेल्यापासून पंख्याचीसुद्धा सोबत नाही."

"तुमची पण कमाल आहे. खाली चला आमच्याकडे. इथे भट्टी पेटलीय नुसती."

"बघू. येतो जरा वेळानं."

दार लागलं. चपला खोलीत कुठे तरी लांब गेल्या आणि थांबल्या. ती फोन कानाला लावून बसली होती आणि तिच्या ध्यानात एक एक गोष्ट येत होती. बाबा रुसले नव्हते. इतके दिवस ते तिला टेप समजत होते. टेपचा फोन वेगळा आणि तिचा वेगळा, हे त्यांना कळायला वावच नव्हता, कारण वाक्यं तीच, आवाज तोच, सांगायची पद्धतही तीच. ते दोन्ही टेबलावर ठेवत होते, नीट, न तोडता, आणि खोलीत तिला बोलू देत होते. तिला हसू आलं आणि ते अर्ध्यात विरलं, कारण पलीकडे पंखा नव्हता. लाइट गेलेत. कधीपासून? "बाबा!" ती म्हणाली. "बाबा, टेप नाही, मी आहे!" काही नाही. फोन ठेवून पुन्हा लावता आला असता, पण त्यांचा रिसीव्हर तर टेबलावर पडला होता, मग लागणार कसा? आणि कान काढला तर तेवढ्यात काही होईल असं तिला वाटलं. आई दुपारी जरा पडते म्हणाली होती. "बाबा, पाणी प्या! खाली जा! चक्कर येतेय का? शेजाऱ्यांना हाक मारा!" ती ओरडत होती आणि ओरडता ओरडताच तिला कळत होतं की हे सगळं टेपमधलंच आहे, तिच्याकडे दुसरी वाक्यंच उरलेली नाहीत. पलीकडे कसला तरी लाकडी करकर आवाज आला, खाटेचा असेल. तिची पाचावर धारण बसली. आणि मग ती लहानपणी रडायची तशी रडायला लागली, मोठ्यानं, लाज न बाळगता, आणि त्या रडण्यातून जे बाहेर पडलं ते तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "बाबा, मला भीती वाटतेय. मला फार भीती वाटतेय हो."

चपलांचा आवाज जवळ आला. मग श्वासाचा.

"कोण आहे?"

"मी."

"टेप ना?"

"टेप नाही, बाबा. मी."

"मला वाटलं, आता टेपमध्ये रडणं पण घातलं," ते म्हणाले, आणि मग एकदम हळू आवाजात, "भोंग्या? खरी तू?"

"खरीच."

"मग रोज दोनदा येतो फोन, तो..."

"दुसरा माझा असतो."

"अरे देवा. मला वाटलं, सरकारनं डोस वाढवला." ते हसले, पण हसता हसता त्यांना धाप लागली आणि ती तिला ऐकू आली. "मी म्हटलं, पोरगी रुसली. टेप लावून दिलीन आणि स्वतः काही फोन करत नाही."

"मला वाटलं, तुम्ही रुसलात."

"मी कशाला रुसू?" ते म्हणाले. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "कशाची भीती वाटते तुला?"

तिनं सांगितलं. तुमच्या खोलीची वाटते म्हणाली, त्या समोरच्या काचांची वाटते. घरी पंखा थांबला की माझाच श्वास थांबतो. हिवाळ्यात काचेवर वाफ धरत नाही, बाबा, मी करून बघितलं. आणि मला आई आठवते, दर दुपारी. हे सगळं तिनं तुटक, नाक ओढत सांगितलं, आणि त्यात कुठलाच आवाज लावायला तिला सुचलं नाही. बाबांनी मध्ये एकदाही 'असं काही नसतं गं' म्हटलं नाही. ती वाट बघत होती त्याची.

"उन्हानं गेली ती," बाबा म्हणाले. घरात हे पहिल्यांदाच कुणी तरी बोललं होतं. "त्या दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर इथे राहिलो कसा असतो? हीच खोली, हीच खाट." त्यांनी घसा साफ केला. "मलाही वाटते की भीती. दुपार झाली की वाटते. म्हणून तर ती टेप तोडत नाही, शेवटपर्यंत चालू देतो. शेवटी तू म्हणतेस ना, घाबरून जाऊ नका, ते ऐकलं की मग जरा पडतो."

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट दोन पेले घेऊन आला होता आणि तिच्याकडे बघून तसाच उभा राहिला होता, खाली ठेवायचंही त्याला सुचत नव्हतं. तिनं डोळे पुसले, पर्स खांद्याला अडकवली. "बाबा, तुम्ही आत्ता खाली शेजारीणबाईंकडे जाऊन बसा. मी निघालेच. आज तुम्ही माझ्याबरोबर येताय."

तिला वाटलं, आता कपाट निघणार. पण ते म्हणाले, "येतो. एकट्यानं घाबरून कंटाळा आला." आणि लगेच, प्रवासाला निघालेल्या माणसाच्या लगबगीनं, "बॅग भरतो आणि खाली जाऊन बसतो. किती दिवसांचे कपडे घेऊ?"

उन्हाळा संपेपर्यंतचे, असं ती म्हणणार होती. शब्द तोंडाशी आलाही होता. तिनं पुढ्यातल्या कागदाकडे बघितलं नाही, बघायची गरज नव्हती.

"सगळेच घ्या, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी का म्हणून विचारलं नाही. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा खट्ट आवाज आला, आणि मग कपाट उघडल्याचा.